मेलेली बॅटरी, जुना टीव्ही आणि खोक्यावरचं नाव

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. तालुक्याच्या गावी वडिलांच्या वेळेपासूनचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. टीव्ही, फ्रिज, इन्व्हर्टर-बॅटरी आणि मोबाइलचं किरकोळ सामान विकता. गिऱ्हाईक नवीन घेताना जुनं टाकून जातं आणि ते मागच्या खोलीत साठतं. गेल्या वर्षीपासून मुंबईच्या एका आयातदाराकडून ब्लूटूथ स्पीकर आणून त्यावर दुकानाचं नाव छापून विकायला लागलात, थोडे ऑनलाइनही जातात. आता एक एजंट येऊन सांगून गेलाय की दुकानदार म्हणून ईपीआर (बाजारात घातलेल्या मालाच्या कचऱ्याची उत्पादकावरची जबाबदारी आणि तिची नोंदणी) घ्यावाच लागतो, नाहीतर जेल. आणि तुमचा प्रश्न: यातलं खरं किती, आणि जुना माल नेमका द्यायचा कोणाला?

एजंटाने बरोबर माणसाला चुकीचं कारण सांगितलंय. तुम्हाला नोंदणी लागण्याची दाट शक्यता आहे, पण टीव्ही-फ्रिज विकता म्हणून नव्हे, त्या स्पीकरमुळे. कायद्याच्या लेखी तुमच्या एकाच गल्ल्यावर दोन माणसं बसलेली आहेत, एक विक्रेता आणि एक उत्पादक. दोघांच्या जबाबदाऱ्या अगदी वेगळ्या आहेत.

आधी विक्रेत्याचं बघू. आपल्याकडे ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ चे, ते १ मे २०१२ पासून लागू झाले. मग २०१६ चे आले. आता जे चालू आहेत ते ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२, लागू १ एप्रिल २०२३ पासून. बॅटऱ्यांचे वेगळे, बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२, ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आले आणि २००१ चे जुने नियम गेले. २०१६ च्या ई-कचरा नियमांत 'डीलर' हा स्वतंत्र घटक होता. उत्पादकाने त्याच्यावर गोळा करायचं काम सोपवलं तर दुकानात पेटी ठेवणं वगैरे त्याच्याकडे यायचं. २०२२ च्या नियमांत तो घटकच उरला नाही. नोंदणी चौघांनाच: मॅन्युफॅक्चरर, प्रोड्युसर, रिफर्बिशर (जुनं दुरुस्त करून वापरात आणणारा) आणि रिसायकलर. मॅन्युफॅक्चरर म्हणजे प्रत्यक्ष कारखाना आणि प्रोड्युसर म्हणजे ज्याच्या नावाने माल बाजारात जातो तो. मी पुढे 'उत्पादक' म्हणेन तो हा प्रोड्युसर. दुसऱ्यांच्या ब्रँडचा माल विकणाऱ्या दुकानदाराला या यादीत जागा नाही. त्यामुळे 'दुकान आहे म्हणून ईपीआर' ही सरळ सरळ गळ्यात मारायची गोष्ट आहे.

युरोपात हे उलटं आहे, म्हणून आपले जर्मनीत राहणारे भाऊबंद सुट्टीवर आले की चकित होतात. तिथे बॅटरी विकणाऱ्या प्रत्येक दुकानाला जुनी बॅटरी फुकट परत घ्यावी लागते, सुपरमार्केटच्या दाराशी त्याची पेटीच असते. युरोपीय संघाच्या नियमानुसार ४०० चौरस मीटरपेक्षा मोठं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान असेल तर २५ सेंटिमीटरपेक्षा लहान जुन्या वस्तू काही विकत न घेताही तिथे ठेवून जाता येतात. आपल्याकडे ही सक्ती नाही. ती असायला हवी होती असं माझं मत आहे, कारण गिऱ्हाईक वस्तू घेऊन परत येतं ते दुकानातच, कंपनीच्या गुरुग्रामच्या ऑफिसात नाही. पण मत बाजूला, कायदा आहे तो असा आहे.

सक्ती नाही म्हणून हात मोकळे झाले, असं मात्र नाही. जुनी बॅटरी घ्यायची की नाही ही तुमची मर्जी. एकदा घेतलीत की बॅटरी नियमांच्या दृष्टीने तुम्ही गोळा करणाऱ्यांत मोडता, आणि गोळा करणाऱ्याने ती नोंदणीकृत रिसायकलर किंवा रिफर्बिशरकडेच पोहोचवायची असते. गिऱ्हाइकावरही बंधन आहे: बॅटरी इतर कचऱ्यातून वेगळी ठेवायची आणि योग्य हाती द्यायची. घंटागाडीत टाकायची नाही. जेलचं म्हणाल तर हे नियम ज्याच्याखाली येतात त्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ मधली कैद जनविश्वास कायद्याने काढली आणि १ एप्रिल २०२४ पासून त्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. एजंट लोकांचं पाठांतर अजून जुनंच आहे.

आता तुमच्या मागच्या खोलीकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. तिथला माल तीन जातींचा आहे आणि तिन्ही जातींचं अर्थकारण वेगळं.

पहिली जात इन्व्हर्टरच्या आणि गाड्यांच्या शिशाच्या बॅटऱ्या. याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, तेच दारात येतं. दीडशे एएचची ट्यूब्युलर बॅटरी अ‍ॅसिडसकट पन्नास किलोच्या वर भरते आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वजन शिशाचं. म्हणून 'जुनी द्या, इतके कमी करतो' हा व्यवहार आपल्याकडे मुरलेला आहे. २००१ च्या नियमांत तर डीलरने जुनी परत घेऊन सूट द्यावी असं लिहिलेलंच होतं. परत येण्याचं प्रमाण उत्तम आहे. गोची पुढे आहे. भंगारवाला तुमच्याकडून बॅटरी उचलतो तेव्हा त्याच्या भावात आणि रिसायकलरच्या भावात फरक दिसतो, तो कुठून येतो हे एकदा नीट बघा. बॅटरी आडवी करतात, वरची झाकणं काढतात आणि आतलं पाणी, म्हणजे शिसं मिसळलेलं गंधकाचं अ‍ॅसिड, गटारात किंवा मागच्या मोकळ्या जागेत ओततात. वाहतुकीचं वजन वाचलं, गळतीची कटकट गेली. मग कोयत्याने नाहीतर कुऱ्हाडीने डबा फोडून प्लेटा काढायच्या आणि गावाबाहेरच्या उघड्या भट्टीत गाळायच्या. धुराला गाळणी नाही, कामगाराला मास्क नाही, प्लेटांची भुकटी अंगावरच्या कपड्यांतून घरी जाते. जो खर्च अधिकृत कारखाना अ‍ॅसिड निष्प्रभ करण्यावर आणि धूर गाळण्यावर करतो, तो इथे वाचतो. त्यातलाच एक वाटा तुम्हाला किलोमागे जास्त भाव म्हणून मिळतो. २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या अहवालात भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा जास्त असल्याचा अंदाज होता. त्याची कारणं अनेक आहेत, मसाल्यांतली भेसळ आणि रंगसुद्धा. पण उघड्यावर गाळलेल्या बॅटऱ्या हे त्यातलं मोठं कारण आहे, आणि त्याचा एक धागा तुमच्या काट्यापाशी सुरू होतो.

म्हणून शिशाच्या बॅटऱ्यांबाबत माझा सल्ला साधा आहे. ज्या कंपनीची बॅटरी विकता, तिच्या डिस्ट्रिब्युटरकडेच जुनी परत पाठवा आणि क्रेडिट नोट घ्या. मोठ्या बॅटरी कंपन्यांना जुनी बॅटरी मनापासून हवी असते, कारण नियमांचं लक्ष्य गाठायचं असतं आणि नव्या बॅटरीत पुनर्प्राप्त शिसं वापरायचं असतं. भाव थोडा कमी पडेल. डिस्ट्रिब्युटर टोलवाटोलवी करत असेल तर कंपनीला लेखी विचारा, तोंडी नको. बॅटरी उभीच ठेवायची, खाली प्लॅस्टिकचा ट्रे, शेजारी खाण्याच्या सोड्याचं पोतं. फुटकी असेल तर ती वेगळी. आणि दुकानातल्या पोऱ्याला पाणी ओतायला कधी सांगायचं नाही.

दुसरी जात म्हणजे ज्यात थोडं मोल आहे आणि थोडी घाण: फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, मोबाइल. फ्रिजमध्ये कॉम्प्रेसरचं तांबं-लोखंड विकलं जातं, पण कॉम्प्रेसर सोडवताना नळी कापली की गॅस हवेत जातो. जुन्या फ्रिजमधला गॅस ओझोन खाणारा होता, त्यानंतरचा आर-१३४ए तापमानवाढीला जोरदार हातभार लावतो, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तो तर पेट घेतो. तुमच्या आवारात कोणाला नळी कापू देऊ नका, एवढं तरी नक्की. कॉम्प्युटर-मोबाइलचे बोर्ड हा सगळ्यात किमती भाग. मुंबईत साकीनाका-कुर्ल्यात सुटे होणारे बोर्ड उत्तरेत मुरादाबादसारख्या ठिकाणी अ‍ॅसिडच्या टबात गेल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. जुने मोबाइल एक्स्चेंजमध्ये घेत असाल तर गिऱ्हाइकासमोर फॅक्टरी रीसेट करा आणि सिम-कार्ड त्याच्या हातात द्या. कचऱ्याच्या नियमांशी त्याचा संबंध नाही, पण भांडणं तिथूनच होतात.

इथे आणखी एक बारीक गोष्ट. गिऱ्हाइकाचा टीव्ही दुरुस्त करून त्यालाच परत देता, तोवर काही नाही. जुने टीव्ही घेऊन, दुरुस्त करून, दुसऱ्याला विकायला लागलात की नियमांतली रिफर्बिशरची व्याख्या तुम्हाला लागू होऊ शकते. दुकानामागे असा जोडधंदा चालू असेल तर तो तुमच्या प्रश्नात यायला हवा होता. आला नाही म्हणून विचारतोय.

तिसऱ्या जातीला कोणीच विचारत नाही. पिक्चर ट्यूबचे जुने टीव्ही, ट्यूबलाइट आणि सीएफएल, पेन्सिल सेल, स्वस्त इअरबड्स, फुगलेल्या मोबाइल बॅटऱ्या. पिक्चर ट्यूबच्या मागच्या काचेत शिसं भरपूर असतं आणि ती काच घ्यायला आज कोणाला फारसा रस नाही. भंगारवाला मानेवर एक घाव घालून तांब्याच्या तारेचं वेटोळं (योक) काढून घेतो, उरलेला सांगाडा ओढ्याकाठी जातो. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, ती फुटू द्यायची नाही. जुन्या खोक्यात उभी ठेवा. लिथियमच्या बॅटऱ्या तर आगीचा विषय आहे. फुगलेली बॅटरी दाबून सपाट करायची नाही, टोचायची नाही, चालते का बघायला चार्जिंगला लावायची नाही. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी, मग कोरडी वाळू घातलेला पत्र्याचा डबा, आणि तो डबा पुठ्ठ्याच्या खोक्यांपासून लांब. मिठाच्या पाण्यात बुडवायचा सल्ला फिरत असतो, तो दुकानात करू नका. त्यातून वायू सुटतो आणि नंतर ते घाण पाणी कुठे ओतायचं हा प्रश्न उरतो. महिन्याला डबाभर जमल्या की पुढे पाठवा, वर्षभर साठवायच्या नाहीत.

ही तिसरी जात दूर करायची युक्ती पहिल्या दोन जातींत आहे. रिसायकलरला फोन केलात की तो म्हणणार, बोर्ड आणि कॉम्प्युटर देता का, गाडी पाठवतो. पिक्चर ट्यूब आणि ट्यूबलाइटचं नाव काढलं की आवाज बदलतो. तेव्हा ठणकावून सांगायचं: सगळं नेणार असाल तरच या. चांगल्या मालाचा भाव दोन पैसे कमी घ्या, पण एकाच गाडीत, एकाच चलनावर सगळं गेलं पाहिजे. एकट्या दुकानाचा माल पुरत नसेल तर गावातली चार-पाच दुकानं आणि मोबाइल दुरुस्तीवाले मिळून एक खेप करा. व्यापारी संघटना वर्गणी गोळा करायला असते तशी याही कामाला असते.

रिसायकलर खरा आहे की नाही हे ओळखायला त्याच्या वेबसाइटवरची हिरवी पानं बघू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी आहे का, त्यात कोणत्या प्रकारचा ई-कचरा किंवा कोणत्या बॅटऱ्या घ्यायची परवानगी आहे, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र किती तारखेपर्यंत आहे, हे तीन कागद मागा. तळोजा, पुणे परिसरात नोंदणी असलेले लोक आहेत. गोव्याच्या बाजूला असाल तर तिथलं राज्य मंडळ वेगळं. शिशाच्या बॅटरीचा परवाना असलेला लिथियम घेऊ शकतोच असं नाही. काही जण अजूनही फक्त सुटे करण्याच्या जुन्या परवान्यावर बोलतात, त्यांना विचारा की बोर्ड पुढे कुठे पाठवता. उत्तराला वेळ लागला तर समजून जा. माल गेल्यावर तुमच्याकडे वजनाची पावती, चलन, गाडी नंबर आणि पोच राहिली पाहिजे. दुकानात एका वहीत तारीख, वस्तू, वजन, कोणाला दिलं, एवढे चार रकाने पुरतात.

कंपनीच्या एक्स्चेंज योजनेत येणारे फ्रिज-टीव्ही हा आणखी वेगळा भाग. ईपीआर कंपनीचा आहे, योजना कंपनीची आहे, मग जुना माल तुमच्या खोलीत सहा महिने का पडून असतो? योजना सुरू होतानाच डिस्ट्रिब्युटरकडून लेखी घ्या की जुना माल कोण, किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने उचलणार. बहुतेक दुकानदार हे विचारतच नाहीत, कारण जुना माल भंगारात विकून चार पैसे सुटतात. कंपनीही विचारत नाही, कारण तिला मालाची गरजच नाही, प्रमाणपत्र पुरतं. ही साखळी कुठे तुटते ते इथे दिसतं.

प्रमाणपत्राची भानगड समजून घ्या, कारण स्पीकरच्या निमित्ताने ती तुमच्याही वाट्याला येणार आहे. २०२२ च्या पद्धतीत उत्पादकाने स्वतः कचरा गोळा केलाच पाहिजे असं नाही. नोंदणीकृत रिसायकलर कचऱ्यातून सोनं, तांबं, अ‍ॅल्युमिनियम, लोखंड काढतो, त्या हिशेबाने पोर्टलवर त्याच्या खात्यात प्रमाणपत्रं तयार होतात आणि उत्पादक ती विकत घेऊन आपलं लक्ष्य भरतो. लक्ष्य २०२३-२४ आणि २०२४-२५ ला ६० टक्के, त्यापुढची दोन वर्षं ७०, आणि २०२७-२८ पासून ८०. कशाचे टक्के, तर त्या वस्तूचं सरासरी आयुष्य जितकं धरलंय तितक्या वर्षांपूर्वी बाजारात घातलेल्या वजनाचे. फ्रिजला दहा वर्षं धरली तर २०२५-२६ चं लक्ष्य २०१५-१६ च्या विक्रीवर.

कागदावर छान आहे. पण माल एका वाटेने जातो आणि कागद दुसऱ्या वाटेने. भाव पाडापाडी झाली की रिसायकलरला खरं काम परवडत नाही, म्हणून २०२४ मध्ये सरकारने प्रमाणपत्राची किंमत पर्यावरण भरपाईच्या (लक्ष्य न भरल्यास उत्पादकाला भरावी लागणाऱ्या रकमेच्या) किमान ३० आणि कमाल १०० टक्क्यांच्या मध्ये बांधली. ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक्सला किलोमागे सुमारे २२ रुपये आणि स्मार्टफोनला ३४ रुपये असा तळ पडला. त्यावरून काही बड्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्यांचं म्हणणं की आधीपेक्षा कितीतरी जास्त मोजावं लागतंय. मला विचाराल तर तळ बांधणं योग्यच होतं. स्वस्त प्रमाणपत्र म्हणजे कुठेतरी कोणीतरी काम न करताच शिक्का मारलाय, एवढाच त्याचा अर्थ. प्लास्टिकच्या ईपीआरमध्ये २०२३ साली गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मोजक्या कारखान्यांनी सहा लाखांवर बोगस प्रमाणपत्रं काढल्याचं केंद्रीय मंडळाच्या तपासणीत निघालं होतं. ई-कचऱ्यात तसं होणारच नाही असं मानायला काही कारण नाही.

आता तुमचे स्पीकर. दोन्ही नियमांतली उत्पादकाची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. दुसऱ्याने बनवलेली वस्तू स्वतःच्या ब्रँडने विकणारा उत्पादकच, मग तो दुकानातून विको की ऑनलाइन. स्पीकर ई-कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत मोडतो. या यादीत आता १०६ वस्तू आहेत, आधी २१ होत्या. आणि आत लिथियम सेल असल्याने बॅटरी नियमांतही तुम्ही उत्पादक, कारण तिथे 'उपकरणातली बॅटरी' असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे एक स्पीकर, दोन पोर्टल, दोन नोंदण्या.

मुंबईचा आयातदार म्हणेल, माझा ईपीआर नंबर आहे, तुम्ही कशाला काळजी करता. कस्टममधून माल सोडवायला त्याला नंबर लागतो, म्हणून तो असतोच. त्याने तुमच्या ब्रँडची जबाबदारी आपोआप त्याच्याकडे जात नाही. तुमच्या नावाचा माल कोणाच्या खात्यावर मोजला जाणार आणि त्याच्या नोंदणीत तुमचा ब्रँड दाखवला आहे का, हे दोघांनी लेखी ठरवा. नाहीतर एकच स्पीकर दोनदा मोजला जाईल, किंवा एकदाही नाही, आणि दुसरी शक्यता अंगाशी येणारी आहे.

लहान धंद्याला सूट आहे का? ई-कचरा नियम सूक्ष्म उद्योगाला लागू नाहीत असं नियमांतच आहे. पण व्यापाऱ्याला मिळणारी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) २०२१ पासून प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती मानली जाते, तेव्हा तिच्या जोरावर ही सूट मागता येते का हे तुमच्या सीएकडून लेखी घ्या. एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, माझ्याही नको. बॅटरी नियमांत मात्र सूक्ष्म उद्योगाला तशी सूट नाही. त्यामुळे ई-कचऱ्यातून सुटलात तरी आतल्या सेलसाठी नोंदणी राहतेच.

पैशाचा अंदाज देतो म्हणजे धसका कमी होईल. समजा वर्षाला दोन हजार स्पीकर, प्रत्येकी सहाशे ग्रॅम, म्हणजे बाराशे किलो. ज्यांची विक्री वस्तूच्या सरासरी आयुष्यापेक्षा अलीकडे सुरू झाली, अशा नव्या उत्पादकाला दोन वर्षांपूर्वीच्या विक्रीच्या २० टक्के लक्ष्य असतं, म्हणजे २४० किलो. बावीस रुपयांनी पाच हजार दोनशे ऐंशी रुपये. तुम्ही गेल्या वर्षी सुरू केलंत, तेव्हा हे लक्ष्यही लगेच येत नाही, एक वर्ष मध्ये जातं. आतला सेल पन्नास ग्रॅमच्या आसपास, दोन हजारांचे मिळून शंभर किलो. त्याचं लक्ष्य बॅटरीच्या प्रकारानुसार वेगळं. नोंदणीचं शुल्क आणि सल्लागाराची फी प्रमाणपत्रांपेक्षा जास्त होईल, हे मान्य. खरा त्रास विवरणपत्रांचा आहे. ई-कचऱ्याला तिमाही आणि वार्षिक, बॅटरीला वार्षिक, ३० जूनपर्यंत. एकदा चुकलं की पोर्टलवर पुढचं सगळं अडतं.

शिवाय मालाकडे बघायला हवं. उत्पादक म्हणून शिसं, पारा, कॅडमियम वगैरेंच्या मर्यादा पाळल्याचं तुम्हीच सांगायचं असतं: कॅडमियम ०.०१ टक्के, बाकीची ठरलेली द्रव्यं ०.१ टक्क्यापर्यंत. चिनी पुरवठादाराकडून त्या मॉडेलचा चाचणी अहवाल मागा, दुसऱ्याच मॉडेलचा पाठवतात. बॅटरीसाठी फुली मारलेल्या चाकांच्या कचराकुंडीचं चिन्ह हवं आणि नोंदणी क्रमांकाची खूण हवी. २०२५ च्या दुरुस्तीनंतर ती क्यूआर कोडनेही देता येते. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राचं) वेगळं, ते यात मिसळू नका. आणि जमलं तर पुढच्या खेपेला स्क्रूने उघडणारं मॉडेल घ्या, डिंकाने बंद केलेलं नको. सेल बदलता आला तर वस्तू दोन वर्षं जास्त चालते आणि बंद पडल्यावर तो सुखरूप बाहेरही काढता येतो. तुमच्या हातात असलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि त्यासाठी कुठल्याच पोर्टलवर जावं लागत नाही.

भंगारवाल्याला तोडून टाका असं मी म्हटलेलं नाही. तुमच्या तालुक्यात गोळा करायचं काम त्याच्यापेक्षा स्वस्तात कोणी करत नाही, आणि अधिकृत कारखान्यात पोहोचणाऱ्या मालातलाही मोठा हिस्सा असल्याच माणसांच्या हातगाड्यांवरून येतो. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी ई-कचरा गोळा करून पुढे देण्याचं काम केलंच आहे. त्याने उचलावं, वजन करावं, त्याचे पैसे घ्यावेत. फोडणं, जाळणं, अ‍ॅसिड ओतणं त्याच्या कामात नको. तुमच्या खेपेच्या गाडीत त्याचाही माल चढवा आणि भावातला वाटा त्याला द्या. पटेल त्याला, व्यवहार त्याला कळतो.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात फुगलेल्या बॅटऱ्या वाळूत, ट्यूबलाइट खोक्यात. मग आयातदाराला आणि बॅटरी डिस्ट्रिब्युटरला एकेक लेखी पत्र. सीएचं मत आलं की नोंदणीचं बघू. एजंटाला आगाऊ पैसे देऊ नका. त्याने द्यायला सांगितलेल्या अर्जात तुमची नोंद 'डीलर' म्हणून करायची आहे की 'प्रोड्युसर' म्हणून, एवढं विचारा. मला पुढचं नेमकं सांगायचं असेल तर तीन गोष्टी लागतील: स्पीकरच्या खोक्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो, आयातदाराचं एखादं बिल, आणि दोन वर्षांची विक्री नगांत नव्हे, किलोत.